नकलेचीही नक्कल: रोमन भिंतींवरच्या ग्रीक कथा आणि त्यांच्या प्रतिकृती

इटलीतल्या नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात मिडियाची दोन प्रसिद्ध भित्तिचित्रे आहेत. हर्क्युलेनियमच्या उत्खननातून आलेल्या चित्रात ती एकटी उभी आहे. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत घट्ट गुंतलेली आहेत, त्याच हातांत तलवार आहे, आणि अंग एकीकडे तर नजर दुसरीकडे वळलेली आहे. दुसरे चित्र पाँपेईतल्या ‘डायोस्क्युरींचे घर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाड्यातले आहे. तिथेही तीच स्त्री तोच ताण अंगात घेऊन उभी आहे, पण ती एकटी नाही. तिची दोन मुले आपल्याकडच्या सागरगोट्यांसारखा हाडांचा खेळ खेळण्यात गुंगली आहेत आणि मागे दारात त्यांना सांभाळणारा म्हातारा सेवक उभा आहे. जेसनला सोनेरी लोकर मिळवून देण्यासाठी मिडियाने आपला बाप आणि आपला देश सोडला होता. पुढे कोरिंथच्या राजकन्येशी लग्न करण्यासाठी जेसनने तिला टाकले आणि त्याचा सूड म्हणून तिने पोटच्या मुलांना मारले, अशी ही ग्रीक कथा आहे. चित्रकारांनी मात्र हत्येचा क्षण निवडलेला नाही. त्यांनी त्याच्या आधीचा, मन दोन्हीकडे ओढले जात असतानाचा क्षण निवडला आहे.

या दोन चित्रांपैकी मूळ कोणते आणि नक्कल कोणती, असा प्रश्न मनात आला, तर त्याचे उत्तर असे आहे की मूळ यांपैकी एकही नाही. टिमोमॅकस या बायझँटियमच्या ग्रीक चित्रकाराने मिडियाचे एक चित्र काढले होते. तिचे आणि एजॅक्स या ग्रीक योद्ध्याचे अशी त्याची दोन चित्रे ज्युलियस सीझरने रोममधल्या व्हीनसच्या देवळात ठेवली आणि त्यांची किंमत ८० टॅलेंट (पैसा मोजण्याचे त्या काळचे मोठे माप) होती, असे रोमन लेखक थोरला प्लिनी याने लिहून ठेवले आहे. ते मिडियाचे चित्र अपुरे राहिले होते आणि तरीही लोक त्याचे फार कौतुक करत, हेही तोच सांगतो. टिमोमॅकसचे ते चित्र आज जगात कुठेही नाही. सुट्या फळ्यांवर काढलेली जवळजवळ सगळीच प्राचीन ग्रीक चित्रे काळाच्या ओघात नष्ट झाली. आपल्या हाती उरल्या आहेत त्या भिंती, आणि त्याही वाचल्या त्या इसवी सन ७९ मध्ये व्हेस्युव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक होऊन पाँपेई, हर्क्युलेनियम आणि स्टॅबिए ही ठिकाणे राखेखाली गाडली गेली म्हणून. प्लिनी स्वतः त्याच उद्रेकात मरण पावला. ज्या चित्रांच्या मुळांची हकीकत त्याने लिहिली, त्यांच्या नकला त्याला मारणाऱ्या राखेनेच जपून ठेवल्या.

म्हणून रोमन भित्तिचित्रांच्या आजच्या प्रतिकृतींविषयी बोलायचे, तर आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ज्याला आपण ‘अस्सल रोमन चित्र’ म्हणतो, ते बहुतेक वेळा आधीच्या कुठल्या तरी ग्रीक चित्राच्या आठवणीवर उभे असते. पुढच्या प्रत्येक नकलेत काही गळते आणि काही नव्याने येते. काय गळले आणि काय आले हे ओळखता आले, की प्रतिकृती पाहण्याची सगळी रीतच बदलते.

रोमन घरात ही चित्रे कुठे असत, ते आधी पाहू. जर्मन अभ्यासक आउगुस्ट माऊ याने १८८२ मध्ये पाँपेईच्या भिंतींची चार शैलींत विभागणी केली आणि ती विभागणी आजही वापरली जाते. त्यांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या शैलीत भिंतीचे मोठे रंगीत पट्टे पाडलेले असतात आणि मधल्या पट्ट्याच्या मध्यावर, रंगानेच काढलेल्या चौकटीत, एखाद्या ग्रीक कथेचे चित्र असते. पाहणाऱ्याला वाटावे की घरमालकाने कुठून तरी एक मौल्यवान चित्र आणून भिंतीवर टांगले आहे. ग्रीक प्रदेश जिंकल्यानंतर रोमन सेनापतींनी मूर्ती आणि चित्रे लुटून आणली होती, पण ती देवळांत आणि सार्वजनिक दालनांत गेली. पाँपेईतल्या सधन व्यापाऱ्याला ती मिळणे शक्य नव्हते. त्याने आपल्या भोजनगृहाच्या भिंतीवर तसे चित्र काढून घेतले, आणि आलेल्या पाहुण्यांनी कथा ओळखावी, तिच्यावर बोलावे, अशी त्याची अपेक्षा असणार. ‘व्हेटींचे घर’ या वाड्यातल्या एकाच खोलीत तीन कथा आहेत. एका भिंतीवर पाळण्यातल्या वयाचा हर्क्युलीस साप आवळून मारतो आहे, दुसऱ्या भिंतीवर पेंथियसला उन्मत्त स्त्रिया मारत आहेत आणि तिसऱ्या भिंतीवर डर्सीला बैलाला बांधण्यात येत आहे. तिन्ही कथा थीब्ज नगराशी संबंधित आहेत, म्हणजे निवड विचारपूर्वक केलेली आहे.

रोमन चित्रकार मुळातले काय ठेवत आणि काय बदलत, हे पाहण्यासाठी इफिजेनियाच्या चित्रासारखे दुसरे उदाहरण नाही. ‘शोकांतिका कवीचे घर’ असे नाव मिळालेल्या पाँपेईतल्या घरात हे चित्र सापडले आणि तेही आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ट्रॉयच्या स्वारीला निघालेल्या ग्रीक जहाजांना वारा मिळावा म्हणून सेनापती आगामेम्नॉनला आपली मुलगी इफिजेनिया हिचा आर्टेमिस देवीसाठी बळी द्यावा लागतो, अशी ती कथा आहे. चित्राच्या मध्यभागी दोन पुरुष तिला उचलून नेत आहेत आणि ती हात पसरून आकाशाकडे पाहते आहे. एका बाजूला भविष्यवेत्ता काल्कस उभा आहे. वर देवी आणि बदली बळी म्हणून यायची हरिणी दिसते, कारण या कथेच्या एका रूपात देवी मुलीला वाचवते. आणि दुसऱ्या कडेला, सगळ्यांकडे पाठ फिरवून, तिचा बाप उभा आहे. त्याने वस्त्र डोक्यावरून ओढून तोंड झाकून घेतले आहे.

हे झाकलेले तोंड प्राचीन काळी फार प्रसिद्ध होते. टिमँथिस या ग्रीक चित्रकाराने काढलेल्या इफिजेनियाच्या चित्रात सगळे दुःखी दाखवले होते, तिच्या काकाच्या चेहऱ्यावर तर दुःखाची परिसीमा झाली होती, आणि म्हणून बापाचे दुःख दाखवायला काही उरलेच नाही तेव्हा चित्रकाराने बापाचे तोंड झाकले, असे प्लिनी सांगतो. पण त्याच वर्णनात इफिजेनिया वेदीपाशी उभी होती, असेही आहे. पाँपेईच्या चित्रात ती उभी नाही. तिला उचलून नेले जात आहे. म्हणजे पाँपेईच्या चित्रकाराने टिमँथिसचे चित्र जसेच्या तसे उतरवले नाही. त्याने ती एक अजोड कल्पना तेवढी उचलली आणि बाकी प्रसंग आपल्या पद्धतीने, किंवा दुसऱ्या कुठल्या नमुन्यावरून, मांडला. गाण्यातली एखादी जागा शिष्य गुरूकडून जशीच्या तशी घेतो आणि तिच्या आजूबाजूचा विस्तार स्वतःचा करतो, तसे हे आहे. माझ्या मते या चित्राला ‘नक्कल’ म्हणून बाजूला सारणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

थिसियसच्या कथेची दोन चित्रे शेजारी ठेवली, तर हाच व्यवहार आणखी स्पष्ट होतो. क्रीटच्या भुलभुलैयात राहणाऱ्या, बैलाचे डोके असलेल्या मिनोटॉरला थिसियसने मारले आणि त्याचे भक्ष्य होणारी अथेन्सची मुले वाचवली. हर्क्युलेनियममधल्या ‘बॅसिलिका’ म्हणवल्या जाणाऱ्या इमारतीतले मोठे चित्र १७३९ मध्ये हाती आले. दुसरे पाँपेईतल्या गेवियस रुफसच्या घरातले आहे. दोन्हींत मिनोटॉर मरून पडला आहे, थिसियस उघड्या अंगाने उभा आहे आणि वाचलेली मुले कृतज्ञतेने त्याच्या हातापायांना बिलगली आहेत. एक मूल त्याच्या हाताचे चुंबन घेते आहे, हा बारकावाही दोन्हीकडे आहे. पण पाँपेईच्या चित्रात बाजूला आश्चर्याने पाहणाऱ्या माणसांचा घोळका आहे, आणि हर्क्युलेनियमच्या चित्रातला नायक अधिक भव्य, एखाद्या पुतळ्यासारखा वाटतो. चित्रकारांकडे नमुन्यांच्या वह्या असत काय, असा तर्क अभ्यासकांनी फार पूर्वीपासून केला आहे. तशी एकही वही तिथे सापडलेली नाही. तरीही एकच आकृती वेगवेगळ्या घरांत, कधी उजवी-डावी उलटून, कधी एकटी तर कधी घोळक्यात भेटते, तेव्हा हातात आणि डोळ्यांत बसलेले नमुने गावोगाव फिरत होते, हे मान्य करावेच लागते.

कधी कधी मात्र चित्रकार नमुना पुरता बाजूला ठेवतो. समुद्रातल्या राक्षसासाठी खडकाला बांधलेल्या अँड्रोमेडा या राजकन्येला वीर पर्सियस हात धरून खाली उतरवतो आहे, हे दृश्य पाँपेईत अनेक घरांत जवळपास सारखे आढळते, आणि ते अथेन्सचा चित्रकार निकियस याच्या चित्रावरून आले असावे असे मानले जाते. बोस्कोत्रेकासे येथील हवेलीतल्या, आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात असलेल्या चित्रात मात्र निळसर-हिरव्या समुद्राचा आणि उंच कड्याचा विस्तारच मुख्य आहे. माणसे लहान आहेत, आणि पर्सियस एकाच चित्रात दोनदा दिसतो. एकदा तो हवेतून उडत येताना दिसतो आणि एकदा सुटकेनंतर मुलीच्या बापाला भेटताना. ही हवेली १९०३ मध्ये सापडली आणि १९०६ च्या उद्रेकात पुन्हा गाडली गेली. चित्रे आधीच कापून काढली होती, म्हणून ती आज आहेत.

आता हे चित्र भिंतीवर उमटते कसे, ते समजून घेऊ, कारण प्रतिकृतीची खरी परीक्षा तिथे होते. कळीचा चुना पाण्यात विरवून, त्यात वाळू मिसळून भिंतीवर थर दिले जातात. त्यांवर चुन्यात संगमरवराची भुकटी कालवून आणखी पातळ, गुळगुळीत थर चढवतात. विट्रुव्हियस हा रोमन वास्तुकार पहिल्या ओबडधोबड हातावर वाळूचे तीन आणि संगमरवराचे तीन थर द्यायला सांगतो. प्रत्यक्षात पाँपेईच्या बहुतेक घरांत इतके थर नाहीत. शेवटचा गिलावा ओला असतानाच, नुसत्या पाण्यात कालवलेले रंग लावायचे. ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि वाळताना पुन्हा चुनखडीचे रूप घेतो. त्या क्रियेत पृष्ठभागावर काचेसारखी पातळ कवची तयार होते आणि रंगाचे कण तिच्यात कायमचे अडकतात. रंग भिंतीवर चिकटलेला राहत नाही. तो भिंतीचा भाग होतो. त्यात डिंक नसतो की सरस नसतो. अंगावरचे दागिने, चेहऱ्यावरचे उजाळे असे बारीक काम मात्र अनेकदा गिलावा वाळू लागल्यावर केलेले दिसते आणि त्यात चिकट द्रव्य किती वापरले जाई, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. आधी निघून जाते तेही हेच वरचे काम. त्यामुळे आज फिकट, सपाट दिसणारा चेहरा मुळात तसा नव्हता, हे लक्षात ठेवावे लागते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे अजिंठा आठवणे स्वाभाविक आहे. पण अजिंठ्याची पद्धत वेगळी आहे. तिथे माती आणि भुशाच्या लिंपणावर पांढरा हात देऊन, पृष्ठभाग वाळल्यावर, चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले आहेत. ‘फ्रेस्को’ हा शब्द सरसकट दोन्हींसाठी वापरला जातो, पण काटेकोर अर्थाने तो ओल्या गिलाव्याच्या चित्रालाच लागू होतो.

ओला गिलावा थांबत नाही, म्हणून चित्रकाराला जेवढे काम एका दमात होईल तेवढाच भाग लिंपून घ्यावा लागतो. पाँपेईच्या भिंतीवर आडवा प्रकाश टाकला, तर मधल्या चित्राच्या चारी बाजूंनी गिलाव्याचा बारीक सांधा दिसतो. बाकीची भिंत रंगवून होईपर्यंत ती जागा मोकळी ठेवत, आणि मग तिथे ताजा गिलावा देऊन अधिक कुशल चित्रकार कथेचे चित्र काढत असे. या श्रमविभागाचा लेखी पुरावाही आहे. सम्राट डायोक्लिशियनने ३०१ मध्ये काढलेल्या दरपत्रकात भिंत रंगवणाऱ्याला दिवसाला ७५ दिनार आणि आकृती काढणाऱ्याला १५० दिनार, शिवाय दोघांनाही जेवण, असा दर आहे. त्या चौकटीतल्या इफिजेनियाला, मिडियाला दुप्पट मजुरीचा हात लागत होता.

रंगांची नावे मराठी घरात अजून जिवंत आहेत. तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवडी, काळ्यासाठी काजळी, पांढऱ्यासाठी चुना, आणि हिरव्यासाठी हिरवी माती. महागड्या लालभडक रंगासाठी हिंगूळ स्पेनमधून येई आणि त्याचा दर कायद्याने पौंडाला ७० सेस्टर्स (रोमन नाणी) असा बांधलेला होता. निळा रंग वाळू, तांबे आणि क्षार भट्टीत तापवून कृत्रिमरीत्या तयार करत. त्याला इजिप्शियन निळा म्हणतात. हिंगूळ उन्हात काळा पडतो, हे रोमनांना चांगले ठाऊक होते. फॅबेरियस नावाच्या एका कारकुनाने रोममधल्या आपल्या घराच्या उघड्या चौकाच्या भिंती हौसेने हिंगुळाने रंगवल्या आणि तीस दिवसांत त्या डागाळून विद्रूप झाल्या, ही हकीकत विट्रुव्हियसने नोंदवली आहे. भिंत वाळल्यावर तिच्यावर तेल मिसळलेले मेण गरम करून चढवावे आणि मग ती घासून चकचकीत करावी, असा उपायही तो तिथेच देतो.

आता नकलांच्या दुसऱ्या फेरीकडे येऊ. नेपल्सचा बुरबाँ घराण्यातला राजा चार्ल्स याच्या आज्ञेने १७३८ मध्ये हर्क्युलेनियमचे आणि १७४८ मध्ये पाँपेईचे उत्खनन सुरू झाले. त्या काळी उत्खनन म्हणजे राजासाठी वस्तू मिळवणे. चांगले वाटलेले चित्र भिंतीतून करवतीने कापून काढत, मागे दगडी पाटी लावून लाकडी चौकटीत बसवत आणि पोर्तिचीच्या राजवाड्यातल्या संग्रहात नेत. कमी महत्त्वाची वाटलेली कित्येक चित्रे जागेवरच फोडून टाकण्यात आली, हे वाचताना आजही वाईट वाटते. पाहायला आलेल्या परदेशी प्रवाशांना रेखाटन करण्याची बंदी होती. चित्रे जगापुढे यायची ती राजाच्याच मर्जीने, म्हणून १७५७ ते १७९२ या काळात ‘हर्क्युलेनियमच्या प्राचीन वस्तू’ या नावाने मोठे खंड छापले गेले. आरंभी ते विक्रीला नव्हते. राजाकडून भेट म्हणून मोजक्या लोकांना मिळत.

त्या खंडांतली चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून काळ्या शाईत छापलेली होती. रंग गेला. भिंतही गेली, कारण छापलेल्या पानावर फक्त मधले चित्र राहिले आणि भोवतालचा लाल-पिवळा पट्टा, खोटे खांब, शेजारच्या भिंतीवरची जोडकथा हे सगळे पुसले गेले. शिवाय कोरणाऱ्यांनी तडे बुजवले, गळालेले नाक पुरे केले आणि अठराव्या शतकाला सुंदर वाटेल असे चेहरे दिले. तरीही युरोपने रोमन चित्रकला पाहिली ती मुख्यतः याच पानांतून. स्टॅबिएच्या एका हवेलीत १७५९ मध्ये सापडलेल्या चित्रात एक बाई पिंजऱ्यातून पंखवाले छोटे कामदेव काढून विकायला दाखवते आहे. फ्रेंच चित्रकार जोसेफ-मारी व्हिएन याने छापील पानावरून १७६३ मध्ये त्याच विषयाचे तैलचित्र केले. छापील पानात रंग नव्हताच, तेव्हा त्याच्या चित्रातले रंग त्याचे स्वतःचे आहेत. स्टॅबिएच्या मूळ भिंतीशी त्यांचा संबंध नाही.

एकोणिसाव्या शतकात दगडी छापाने रंगीत छपाई शक्य झाली आणि विल्हेल्म त्सान या जर्मन चित्रकाराने पाँपेईच्या भिंती रंगांत छापून प्रसिद्ध केल्या. बव्हेरियाचा राजा लुडविग पहिला याने तर १८४० च्या दशकात आशाफेनबुर्ग येथे माइन नदीच्या काठावर अख्खे पाँपेईचे घरच बांधवले. ते मिडियाचे चित्र जिथे सापडले, त्याच डायोस्क्युरींच्या घराच्या नमुन्यावर उभारलेले आहे. ‘पोम्पेयानुम’ नावाची ही वास्तू दुसऱ्या महायुद्धात मोडकळीला आली, आणि मग प्रतिकृतीचाच जीर्णोद्धार करावा लागला. चौकात उभे राहून चारी बाजूंच्या रंगीत भिंती एकदम अंगावर येण्याचा अनुभव संग्रहालयातल्या कापलेल्या तुकड्यांतून कधीच मिळत नाही. तो अशा ठिकाणी मिळतो. म्हणून प्रतिकृती म्हटली की ती कमअस्सल, हा समज मला पटत नाही.

नेपल्सच्या संग्रहालयात पाँपेईचा शंभरास एक या प्रमाणातला मोठा नमुना आहे. त्याचे काम १८६१ मध्ये सुरू झाले. त्यातल्या बोटभर भिंतींवर त्या काळी दिसणारी चित्रे रंगवलेली आहेत. पुढे ऊन, पाऊस आणि दमट हवेने मूळ भिंतींवरून पुसली गेलेली कित्येक चित्रे आज त्या छोट्या भिंतींवरच उरली आहेत. १९४३ मध्ये पाँपेईवर दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी बाँब टाकले, तेव्हा आणखी भिंती कोसळल्या. अशा ठिकाणी जुनी रेखाटने, जलरंगातल्या नकला आणि छायाचित्रे हाच पुरावा उरतो. १९०९ मध्ये सापडलेल्या ‘रहस्यांच्या हवेली’तल्या भव्य लाल दालनाची, ज्यात मधोमध मद्याचा देव डायोनायसस एका स्त्रीच्या मांडीवर रेललेला आहे, मोठ्या आकाराची जलरंगातली प्रतिकृती मारिया बारोस्सो या इटालियन चित्रकर्तीने १९२० च्या दशकात केली. ती अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रान्सिस केल्सी यांनी करवून घेतली आणि आज तिथल्या केल्सी संग्रहालयात आहे. मूळ भिंतींवर त्यानंतर मेणाचे लेप चढले, दुरुस्त्या झाल्या. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा रंग कसा होता याची साक्ष काढायची, तर या कागदांकडे जावे लागते.

आपल्याकडेही नकलांची कहाणी अशीच आहे, फक्त अधिक दुःखद. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या चित्रांच्या वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. जॉन ग्रिफिथ्स याने मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा करवून घेतलेल्या नकलांनाही १८८५ मध्ये लंडनमध्येच आग लागली. आणि १९२० च्या दशकाच्या आरंभी निजाम सरकारने अजिंठ्याच्या जतनासाठी इटलीतून लोरेन्झो चेक्कोनी यांना बोलावले, हा दोन्ही परंपरांना जोडणारा एक खरा धागा आहे.

नक्कल करणाऱ्यापुढचा सगळ्यात अवघड प्रश्न रंगाचा आहे. पाँपेईचा तांबडा रंग जगभर प्रसिद्ध आहे. पण तो सगळा तांबडा मुळात होता काय? पिवडी तापवली, की तिच्यातले पाणी जाते आणि तिचा गेरू होतो. हे आपल्या कुंभारांनाही ठाऊक असते. उद्रेकाच्या उष्ण वायूंनी पाँपेईच्या पिवळ्या भिंतींचे हेच केले. फ्लॉरेन्सचे संशोधक सेर्जिओ ओमारिनी यांनी २०११ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, आज तांबड्या दिसणाऱ्या भिंती २४६ आणि पिवळ्या ५७ आहेत. पण मुळात तांबड्या १६५ आणि पिवळ्या १३८ असाव्यात. मग आज एखाद्याने तांबड्या पार्श्वभूमीवरची अँड्रोमेडा रंगवली, तर ती इसवी सन ७८ ची प्रतिकृती होईल की उद्रेकानंतरची? दोन्ही उत्तरे चालतील, फक्त करणाऱ्याने आपण काय केले ते सांगायला हवे.

नवी साधने इथे मदतीला आली आहेत. इजिप्शियन निळ्या रंगावर साधा तांबडा प्रकाश टाकला, की तो डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडतो आणि विशेष कॅमेऱ्यात पांढऱ्याशुभ्र ठिपक्यांसारखा चमकतो. डोळ्यांना राखाडी दिसणाऱ्या जागी मुळात निळे वस्त्र होते की नाही, हे त्यावरून भिंतीला हातही न लावता कळते. एके काळी रेखाटनाला बंदी असलेल्या पाँपेईत २०१८ मध्ये लीडा आणि राजहंसाचे चित्र सापडले आणि २०२४ मध्ये हेलन-पॅरिस व अपोलो-कॅसँड्रा यांची चित्रे असलेले काळ्या भिंतींचे भोजनगृह सापडले, तेव्हा छायाचित्रे लगोलग जगभर पोहोचली.

बाजारात अशा चित्रांच्या प्रतिकृती कॅनव्हासवर छापलेल्या मिळतात, तशा चुन्याच्या गिलाव्यावर हाताने काढलेल्याही मिळतात. छापील प्रत आकृती दाखवते, पण चुन्याच्या कवचीतून परतणारा मंद उजेड तिच्यात नसतो. हाताने केलेल्या प्रतीत पाहायचे ते असे, की तडे आणि गळालेले तुकडे करणाऱ्याने तसेच ठेवले आहेत की भरून काढले आहेत, आकार मुळाशी जुळतो की नाही, आणि चौकटीबाहेरची भिंत थोडी तरी सोबत आणली आहे की नाही. भरून काढले असेल तर ते कशाच्या आधारावर, हे विचारण्याचा अधिकार पाहणाऱ्याला आहे.

पाँपेईत ‘कामावरच्या चित्रकारांचे घर’ नावाची एक वास्तू आहे. उद्रेकाच्या दिवशी तिथल्या दालनात भिंती रंगवण्याचे काम चालू होते आणि चित्रकार सगळे तसेच टाकून पळाले. रंगांच्या वाट्या तिथेच सापडल्या, चुना सापडला. भिंतीचा वरचा भाग रंगवून झाला आहे. मधल्या चित्राच्या चौकटीत मात्र नुसते प्राथमिक रेखाटन आहे. दुप्पट मजुरीच्या चित्रकाराची ती जागा होती, आणि ती तशीच राहिली.